रिकामी नळी

सरांना लग्नाचं आमंत्रण देताना लोक जरा बिचकत. पाहुण्यानं यावं, जेवावं, आहेर द्यावा, जावं. सर जेवता जेवता प्रश्न विचारत. सेनगावच्या एका लग्नात मुलीचे मामा पंगतीत सगळ्यांना सांगत होते, की पत्रिका अशी काही जुळलीय, की संसार सुखाचा होणारच. सरांनी उचललेली जिलेबी ताटात परत ठेवली आणि अगदी मनापासून विचारलं, "अन् ज्यांनी पत्रिकाच पाहिली न्हाई, त्यांचे संसार कसे चालून राहिले? ते बघितले का तुमी?"

मग सर आमच्याकडे, म्हणजे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या रांगेकडे वळून, वर्गात असल्यासारखे म्हणाले, "रिकामी नळी लावलीच न्हाई."

हे त्यांचं पालुपद होतं. प्रयोग करताना एका नळीत औषध घालायचं आणि शेजारी एक नळी तशीच ठेवायची, औषध न घालता. त्या रिकाम्या नळीशी ताडून पाहिल्याशिवाय औषधानं काय केलं, हे कळतच नाही. एवढी साधी गोष्ट. पण सर ती प्रयोगशाळेत ठेवून घरी जात नसत. गोरेगावच्या जीपमध्ये कुणी मनगटावरचा दोरा दाखवून सांगू लागलं, की यानं गुडघा दुखायचा राहिला, तर मागच्या बाकावरून सरांचा आवाज येई, "अन् दोरा न बांधता कितीजणांचा राहिला?" एकदा एका पुढाऱ्याच्या भाषणातही त्यांनी हात वर केला होता. त्यानंतर आमच्या कॉलेजच्या कार्यक्रमांत त्यांना शेवटच्या रांगेत बसवत.

ते हिंगोलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. मी सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरची. आमच्या घरात 'पीएच.डी.' म्हणजे डॉक्टरकीचाच एक प्रकार असं समजत, आणि सुट्टीत घरी गेले, की बायका मला नाडी दाखवत. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "बघत जा. हाताला हात लागला तर तेवढंच बरं वाटतं लोकांला."

उंच, पाठीत थोडे वाकलेले. पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, फिकट पिवळे चट्टे. पहिल्या दिवशी मला वाटलं, सकाळी कुणाच्या हळदीला जाऊन आलेत आणि तोंड नीट धुतलेलं नाही. मी तसं बोललेही. मी जरा फटकळ आहे. सरांनी चष्मा काढून पापणी माझ्यासमोर धरली आणि शांतपणे सांगितलं, की हे कोलेस्टेरॉल आहे. रक्तात मावेनासं झालं, की ते असं कातडीखाली येऊन बसतं. "आमच्या घराण्यात हे वारशानं येतं. जमीन वाटण्या होऊन होऊन कमी आली. हे मात्र समद्यांला बराबर आलं."

त्यांचे वडील ऐन चाळिशीत शेतातच गेले. चुलतेही तसेच. सर आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांच्याही पापण्या पिवळ्या. म्हणून सरांनी लग्न केलं नाही. हे वाण आपल्यापाशीच संपावं, असं त्यांचं गणित होतं. भावाचं लग्न मात्र त्यांनीच लावून दिलं. पुतणी झाल्यावर दर दिवाळीला ते तिला अंगणात उजेडाला उभी करत आणि तिच्या पापण्या न्याहाळत. तिला वाटे, मोठे बाबा लाड करताहेत.

त्या भावाला मी काका म्हणते. काका गोरेगावात शेती करतात, हळद आणि सोयाबीन. डॉक्टरांनी त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली होती आणि गोळी आपलं काम चोख करत होती. पण काहींना त्या गोळीनं स्नायू दुखतात, आणि काका त्यातले निघाले. मांड्या, पोटऱ्या अशा ठणकत, की सरीत उभं राहवत नसे. ज्याचं पोट उभ्यानं चालतं त्याचे पायच दुखले, तर रक्ताचा चांगला रिपोर्ट घेऊन करायचं काय? ते गोळी सोडत, सर रागावले की धरत, मळणी आली की पुन्हा सोडत.

सरांचं सगळं संशोधन या एका माणसाच्या पायांसाठी होतं. त्यांना असं औषध घडवायचं होतं, जे यकृतात काम करील आणि स्नायूंना शिवणार नाही. बाहेरच्यांना ते कसल्या कसल्या जड शब्दांत सांगत. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्याच भाषेत सांगितलं. "तुझे पणजोबा बैलांवर मीठ लादून निघायचे ना? मग वाटंत लागंल त्या गावात गोणी सोडायचे का?" मी म्हटलं, नाही, जिथला सौदा ठरला तिथेच. "बस. आपल्या बैलानं लिव्हरला जाऊनच गोणी सोडली पायजे. मधल्या गावाला कळूबी नये, की काय घेऊन गेला." आमच्या बंजाऱ्यांच्या या लदेणीचा, बैलांवरच्या व्यापाराचा, कुणी असा मान राखलेला मी तोवर ऐकला नव्हता. मला ते फार आवडलं.

संयुगाचा रेणू शरीरातल्या प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल, ते संगणकावर फिरवून बघता येतं. सरांना मात्र तेवढ्यानं समाधान नसे. ते व्हरांड्यात उभे राहून एक हात कोपरात दुमडत, दुसरा लांब करत, मान कलती करत आणि स्वतःच रेणू होऊन बघत. नवीन आलेली पोरं घाबरत. गच्च भरलेल्या जीपमध्ये एखादी बाई पिशवी मांडीवर घेऊन, गुडघे वळवून कशी बरोबर मावते, ते टक लावून पाहत आणि दुसऱ्या दिवशी येऊन मला सांगत, "पोरी, त्या डाव्या बाजूची साखळी वाकव. सरळ ठिवली तर जागा व्हणार न्हाई." त्या टक लावण्यापायी एकदा त्यांनी बोलणीही खाल्ली होती. पण साखळी वाकवल्यावर रेणू खरंच बसायचा.

प्रबंधात आमच्या संयुगांना आकडे होते. प्रयोगशाळेत त्यांना गावांची नावं होती. पुसेगाव, साखरा आणि अशीच वाटेवरची, आडवाटेवरची कितीतरी. एखादं संयुग निरुपयोगी ठरलं, की सर दारातूनच सांगत, "आज साखरा गेलं," आणि त्या दिवशी चहा घेत नसत. शिपाईमामा न विचारता समजून जायचे आणि कप उपडा ठेवायचे. पुसेगाव गेलं तेव्हा पुसेगावचे एक पालक नेमके भेटायला आलेले. त्यांची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली.

स्वतःच्या गावाचं नाव सरांनी राखून ठेवलं होतं. हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचा सांगाडा घेऊन, त्याला यकृताकडे नेणारी एक शेपटी जोडून आम्ही जे संयुग केलं, त्याला त्यांनी ते दिलं. गोरेगाव. पिवळंधमक, बोटाला लागलं तर दोन दिवस निघायचं नाही. हळद काकांच्याच शेतातली. सर तसं म्हणाले नाहीत, पण मला दिसत होतं, की हे इतर गावांसारखं नाही. त्याची बाटली ते स्वतः उचलायचे.

शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींवर त्याची चाचणी झाली. पेशींमधलं कोलेस्टेरॉल निम्म्याच्याही खाली आलेलं दिसलं. सरांनी तो निकाल उभ्यानंच वाचला आणि मला म्हणाले, "धाकल्याला फोन लाव." नंबर मी लावला.

पुढचं आमच्या हातात राहिलं नाही. स्थानिक पेपरात बातमी आली, हळदीतून हृदयाचं औषध. पेशींवरची चाचणी आणि माणसाचं औषध यात किती वर्षांचं अंतर असतं, हे बातमीत कुठेच नव्हतं. गोरेगावात सत्कार ठरला. शाळेच्या मैदानात मांडव, शाल, श्रीफळ, आणि फुलांच्या हाराऐवजी हळकुंडांची माळ. काका पहिल्या रांगेत नवा सदरा घालून बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की त्या गोळ्यांची तकलीफ आता संपली. दादाचं औषध बाजारात येईपर्यंत ते रोज सकाळी चमचाभर हळद दुधातून घेत होते. जुनी गोळी त्यांनी पार बंद केली होती.

एक वक्ते रंगात आले होते. आपली हळद जखमेवर चालते, सर्दीवर चालते, सांध्यावर चालते, साखरेवर चालते, आता हृदयावरही चालणार! टाळ्या पडल्या. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी गळ्यातली माळ काढून मांडीवर ठेवली होती आणि एकेक हळकुंड बोटानं चाचपत होते.

परतीच्या जीपमध्ये ते म्हणाले, "जे समद्यावर चालतं म्हणतेत, त्याला आपण काय विचारतो?"

"रिकामी नळी लावली का, ते विचारतो."

"मग आपण लावली व्हती का?"

मी म्हटलं, लावली होती की. औषध न घातलेल्या पेशींची नळी होती. सर म्हणाले, "ती व्हती. पेशी नसलेली नळी कुठंय?"

त्यांचं म्हणणं मला तिथेच कळलं. कोलेस्टेरॉल मोजण्याची रीत अशी, की त्यात रसायनं घातली, की गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितकं कोलेस्टेरॉल जास्त. यंत्र फक्त रंग बघतं. औषधानं कोलेस्टेरॉल कमी केलं, की नुसता रंगच येऊ दिला नाही, हे यंत्राला कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही आम्ही प्रयोगशाळा उघडली. दोन नळ्या घेतल्या. दोन्हींत बाटलीतलं शुद्ध कोलेस्टेरॉल, सारखंच मोजून. पेशी नाहीत, यकृत नाही, काही नाही. एका नळीत गोरेगाव टाकलं. साधी नळी बघता बघता गुलाबी झाली. गोरेगावची नळी फिकट पिवळीच राहिली. तिथे कोलेस्टेरॉल कमी व्हायला जागाच नव्हती, आणि तरीही ते कमी दिसत होतं. आमच्या औषधानं कोलेस्टेरॉलला हातही लावला नव्हता. हळदीचा गुणच तो, की रंग आणणारी रसायनं ती मधल्या मध्येच खाऊन टाकते.

लग्नाच्या पंगतीतसुद्धा जो प्रश्न ते विसरले नाहीत, तो एवढ्या एका ठिकाणी विसरले. कारण ते गोरेगाव होतं आणि पलीकडे धाकटा वाट बघत होता. शिपाईमामा त्या दिवशी नव्हते. सरांनी स्वतःचा कप स्वतःच उपडा ठेवला.

माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यात गेलं. मी हुंदके देऊन रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. सरांनी शहरातल्या प्रयोगशाळेला कळवलं, छापायला पाठवलेला लेख मागे घेतला, पेपरवाल्यांना बोलावून चूक सांगितली. बातमीदार चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, "सर, एवढा विनय बरा नव्हे." एक ओळही छापली नाही. सत्काराच्या बातमीला मात्र फोटो होता. मला त्या माणसाचा अजून राग येतो.

सगळ्यांत अवघड काकांना सांगणं होतं. सर गोरेगावला जाऊन सांगून आले, तर काकांचा विश्वासच बसला नाही. "तुला कोणी दाबून राहिलं का दादा? गोळीवाल्या कंपन्यांनी?" असं त्यांनी विचारलं. औषध निघालं यावर सबंध गावानं एका बातमीत विश्वास ठेवला, आणि ते निघालं नाही हे सख्ख्या भावानं सांगूनही कुणाला पटेना. काकांची हळद चालूच राहिली. शेवटी सर त्यांना हिंगोलीला प्रयोगशाळेत घेऊन आले.

काका चपला दाराबाहेर काढून आत आले. सरांनी त्यांच्यासमोर तोच प्रयोग पुन्हा केला. मी बाजूला उभी होते.

"दादा, ह्याच्यात लिव्हर हाय?" काकांनी फिकट नळी हातात घेऊन विचारलं.

"न्हाई."

"रगत?"

"न्हाई रे. नुसतं कोलेस्टेरॉल हाय. जेवढं टाकलं तेवढंच हाय. जाणार कुठं?"

"तरीबी कमी दाखवून राहिलं."

"व्हय."

काकांनी दोन्ही नळ्या खिडकीशी नेऊन उजेडात धरल्या. मग म्हणाले, "म्हंजी ह्यानं मशीनच्या डोळ्यावर पट्टी बांधली."

"बराबर."

"अन् म्या येडा हळद खाऊन राहिलो."

"येडा तू न्हाई. मी आधी बघायला पायजे व्हतं." सर म्हणाले. "आता गोळी सुरू कर. डॉक्टरांशी बोललो मी. अर्धी घे, एक दिसाआड घे. पाय तेवढे दुखणार न्हाईत. कायबी न घेण्यापरीस अर्धी बरी."

काका नळी जागेवर ठेवत म्हणाले, "तू किती घेतोस? तुझे पाय न्हाई का दुखत?"

सर वळले आणि नळ्या धुवायला लागले.

"दादा, म्या काय इचारलं?"

"मी घेत न्हाई."

"काहून?"

सर हसल्यासारखं करून म्हणाले, "घरात एक तरी रिकामी नळी नको का?"

काका हसले नाहीत. मीही नाही. नळाचं पाणी तसंच वाहत राहिलं होतं, ते मी बंद केलं. मग सर खाली बघत म्हणाले, "तुला सोसत न्हाई, अन् मी सावलीत बसून मजेत गिळू? मला गिळवत न्हाई रे."

इतकी वर्षं लोकांना पुरावा मागणारा हा माणूस, आपल्या पिवळ्या पापण्या घेऊन, कसलाच पुरावा न बघता, निव्वळ मायेपोटी औषधाशिवाय बसला होता. मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. पण माझ्याआधी काकाच कडाडले. त्यांना मोठ्यानं बोलताना मी तेवढंच ऐकलं.

"आई जाताना म्हणली व्हती, दादाच्या मागं मागं राहाय. अन् तू म्होरं व्हऊन मरायलाच निघाला व्हय? लेकरासारखं करून राहिला तू! म्या अर्धी घेतो. पण तू घेतली म्हणून फोन केल्याबिगर म्या माझी तोंडात टाकणार न्हाई. सांगून ठिवतो."

तसा करार झाला. तेव्हापासून दिवसाआड सकाळी प्रयोगशाळेत आलं, की सरांचा फोन चाललेला असे. "घेतली." पलीकडून काहीतरी. "बरं." एवढंच. काकांचे पाय थोडे दुखत, पण ते सरीत उभे राहत होते.

पुढे एकदा सरांनी एका परदेशी नियतकालिकातला लेख माझ्यापुढे सरकवला. कुणीतरी तिकडे दूर असं औषध तयार केलं होतं, जे यकृतात पोचल्यावरच जागं होतं आणि स्नायूंत झोपलेलंच राहतं, कारण त्याला जागं करणारं प्रथिन स्नायूंत नसतंच. आमचाच बैल, आमचीच गोणी, फक्त हाकणारे दुसरे. मला वाईट वाटलं आणि मी ते बोलून दाखवलं. सर म्हणाले, "धाकला चालंल ना पोरी? मग कोणाचं का असंना." त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागवला. शिपाईमामांनी मला बाहेर गाठून विचारलं, की सर बरे आहेत ना.

ते औषध हिंगोलीत यायच्या आधीच सर गेले. दुपारी तास संपवून जिना उतरत होते, तिथेच बसले आणि कलंडले. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं बुजत आलेल्या होत्या. गोळी त्यांनी फार उशिरा सुरू केली होती. मी त्यांच्यावर अजून रागावलेली आहे, आणि ते समोर आले तर तसं सांगेनही.

औषध हिंगोलीच्या मेडिकलमध्ये आल्यावर मी काकांच्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी ते लिहून दिलं, आणि पहिली पट्टी घेऊन मीच गोरेगावला गेले. हळद काढणीला आली होती. काका बांधावर बसले होते. त्यांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली.

"ही दादानं केल्याली हाय?"

हो म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. हो म्हटलं असतं, तर त्यांनी जन्मभर प्रसादासारखी घेतली असती. पण त्या एका प्रश्नासाठी ज्यानं लोकांची लग्नं बेचव केली, त्याच्या भावाशी मला खोटं बोलवेना.

"नाही काका. दुसऱ्यांनी केलीय. दादांना हवी होती तशीच आहे."

काकांनी विचारलं, "त्यांनी रिकामी नळी लावली व्हती का?"

"लावली होती. पुष्कळ माणसांवर पारखून बघितलंय."

"मग दे."

त्यांनी तांब्यातल्या पाण्याबरोबर गोळी घेतली. अख्खी. सवयीनं सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला, बटण दाबायला अंगठा नेला, आणि तो तसाच राहिला. मोबाइल पुन्हा खिशात गेला. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "घेतली."

मी म्हटलं, "बरं."